जुनी बिअरची बाटली हाती आली, तर तिचं वय कसं काढायचं

जुन्या बाजारात, भंगारवाल्याच्या पोत्यात किंवा पाडायला काढलेल्या बंगल्याच्या माळ्यावर एखादी जाड काचेची बिअरची बाटली सापडते. अंगावर इंग्रजी अक्षरं असतात. आपण लगेच ते नाव फोनवर टाकतो, कंपनी १८५५ सालची निघते, आणि आपल्या लेखी बाटलीही १८५५ची होऊन बसते. नवखा माणूस सगळ्यात आधी चुकतो तो इथेच. कंपनी कधी निघाली आणि ही बाटली कधी ओतली गेली, या दोन गोष्टींत शंभर वर्षांचं अंतर असू शकतं. बिअर बनवणारी आपल्याकडची जुनी कंपनी मोहन मीकिन आजही आपली स्थापना १८५५ची सांगते.

म्हणून नवीन मंडळींना माझा आग्रह असतो, की नाव शेवटी वाचा. आधी ओठ, मग अंगावरची रेघ, मग बूड, आणि त्यानंतर अक्षरं. काच कशी घडवली गेली ते काचेवरच उमटलेलं असतं. ते वाचायला बोटं, एक भिंग, एक चांगली बॅटरी आणि चिकाटी लागते. दुसरं म्हणजे, शेवटी हाती एक नेमकं साल क्वचितच लागतं. ‘अमुक सालाच्या आधीची नाही आणि तमुक सालाच्या नंतरची नाही’ अशा दोन कडा मिळतात. या दोन कडा जवळ जवळ आणत जाणं, एवढंच आपलं काम.

धुण्याच्या आधी

बाटली घरी आणली की धुवायचा मोह होतो. थांबा. देवळालीच्या एका जुन्या घरातली बाटली मला एका स्नेह्यांनी दिली होती. धुळीने काळी झालेली, एका बाजूला चिकटलेला कागद. मी ती रात्रभर साबणाच्या पाण्यात ठेवली. सकाळी लेबलाचा लगदा बादलीच्या तळाशी होता आणि त्यातलं लाल रंगाचं एक टोक तेवढं ओळखू येत होतं. ते बास या इंग्रजी बिअरच्या लाल त्रिकोणाचं होतं की आणखी कशाचं, हे आता कधीच कळणार नाही. याची रुखरुख मला अजून आहे.

तेव्हा आधी फोटो काढा, चारही बाजूंनी आणि बुडाचा. आत काही सुकलेलं असेल तर वास घ्या. आपल्याकडे रिकाम्या बिअरच्या बाटल्या रॉकेल, खोबरेल, मध, फिनेल अशा कशाकशासाठी वर्षानुवर्षं वापरल्या गेल्या, त्यामुळे आतला वास बाटलीच्या जन्माबद्दल काही सांगत नाही. तिचं पुढचं आयुष्य मात्र सांगतो. मग कुठे मिळाली, कोणाकडून, सोबत आणखी काय होतं, ते वहीत लिहा. पुणे कॅम्प, खडकी, देवळाली अशा लष्करी वस्तीच्या आसपास मिळालेली बाटली आणि एखाद्या कोकणातल्या घराच्या माळ्यावरची बाटली, दोघी हुबेहूब सारख्या असल्या तरी त्यांच्या वाटा वेगळ्या असतात.

कागद नसेल तर कोमट पाणी, मऊ ब्रश, बस. उकळतं पाणी नको, जुनी काच तडकते. अॅसिड नको. मातीत राहिलेल्या काचेवर इंद्रधनुषी पापुद्रा येतो, तो खरवडू नका.

पहिली पायरी: ओठ आणि बूच

बाटलीचं तोंड पाहून ती कशाने बंद होत होती ते ठरवा. बंद करायच्या प्रत्येक युक्तीला जन्मसाल आहे, त्यामुळे पहिली कड इथेच मिळते.

साधं गुळगुळीत तोंड, बाहेर जाड पट्टी: ही लाकडी बुचाची बाटली. बूच तारेने किंवा दोरीने बांधायचे, तार अडकावी म्हणून ती पट्टी. ही पद्धत इतकी जुनी आहे आणि इतकी वर्षं चालली, की एवढ्यावरून काही ठरवू नका.

मानेला तारेचा खटका, वर चिनीमातीचं किंवा रबराचं बूच: न्यूयॉर्कच्या चार्ल्स डी क्विलफेल्टने १८७५ साली याचं पेटंट घेतलं. त्याआधीची ही बाटली असूच शकत नाही. पण नंतरची असू शकते, कारण असे खटके आजही काही युरोपीय बिअरवर दिसतात. खटका नंतर बसवलेलाही असतो, म्हणून तार जिथे अडकते ते काचेतले खळगे तपासा.

तोंडाच्या आतल्या बाजूला आटे: बोट घालून पाहा, स्क्रूसारखे वळसे लागतात. हे इंग्रजी काम. लंडनच्या हेन्री बॅरेटचं १८७९चं पेटंट. यात काळ्या कडक रबराचं बूच रबरी वायसरसह पिळून बसवत. ब्रिटनमध्ये ही पद्धत विसाव्या शतकातही बरीच वर्षं टिकली. नवख्याला आतले आटे दिसत नाहीत, तो ही बाटली लाकडी बुचाची समजतो आणि चाळीस-पन्नास वर्षांनी चुकतो. म्हणून बोट घालून पाहायला विसरू नका.

ओठावर गोल, बुटकी, घट्ट वळी: पत्र्याच्या दातेरी झाकणाची, म्हणजे क्राऊनची बाटली. बाल्टिमोरच्या विल्यम पेंटरने १८९२ साली त्याचं पेटंट घेतलं. आज आपण ओपनरने उडवतो ते झाकण तेच, फक्त तेव्हा त्याला २४ दात होते, आता २१ असतात. दाते असलेल्या झाकणाची बाटली कोणी १८७०ची म्हणून विकत असेल, तर पुढे बोलणंच नको.

एक गैरसमज इथेच दूर करतो. मानेत काचेची गोटी असलेली बाटली बिअरची नाही. ती आपल्या गोटी सोड्याची, हायरम कॉड या इंग्रजाने १८७०च्या दशकाच्या सुरुवातीला काढलेली. ती गोळा करणं हा स्वतंत्र आणि सुंदर छंद आहे.

दुसरी पायरी: रेघ कुठे संपते?

माझ्या मते सगळ्या विद्येचा गाभा हा आहे, म्हणून इथे वेळ काढा.

काच साच्यात फुंकली, की साच्याची दोन अर्धुकं जिथे मिळतात तिथल्या फटीत वितळलेली काच किंचित शिरते आणि बाटलीच्या अंगावर उभी बारीक रेघ उमटते. शिवणच म्हणा. बॅटरी बाटलीला जवळजवळ चिकटवून तिरपी धरा, म्हणजे शिवणीची सावली पडते. मग नख लावून बुडापासून वर जा.

आता विचार करा. माणूस फुंकणीने बाटली फुंकायचा तेव्हा फुंकणी कुठे असायची? तोंडाशी. बाटली साच्यातून निघाली की फुंकणीपासून तोडायची, आणि तुटलेल्या जागी ओठ नंतर हाताने घडवायचा. म्हणजे ओठ साच्यात बनलाच नाही. त्यामुळे हाताने फुंकलेल्या बाटलीची शिवण मानेवर कुठेतरी विरते, ओठापर्यंत पोचत नाही. यंत्रात याच्या उलट होतं. यंत्र आधी ओठ घडवतं, मग त्याला धरून बाकीची बाटली फुंकतं. म्हणून यंत्राच्या बाटलीची शिवण थेट ओठावर चढते, आणि बहुधा ओठाखाली मानेभोवती एक आडवी रेघही असते.

यंत्राचं काम टप्प्याटप्प्याने आलं. यॉर्कशरच्या कॅसलफर्डमध्ये हॉवर्ड अॅशलीने १८८०च्या दशकात अर्धयांत्रिक पद्धत आणली. अमेरिकेत टोलेडो इथे मायकेल ओवेन्सने १९०३च्या सुमाराला पूर्ण स्वयंचलित यंत्र चालवून दाखवलं, आणि पुढच्या पंधरा-वीस वर्षांत हाताने फुंकणाऱ्यांचं काम जवळपास संपलं. म्हणून ओठावर शिवण चढलेली बिअरची बाटली मी विसाव्या शतकातलीच धरतो.

शिवण मानेवर थांबली असेल तर आणखी एक पाहा: ती कशी थांबते? वरून वेगळी काच गुंडाळून ओठ केला असेल, तर शिवण ओठाच्या खालच्या कडेशी एकदम तुटते, आणि त्या कडेवर काचेचा एखादा ओघळ आलेला दिसतो. तोच ओठ मानेची काच पुन्हा तापवून अवजाराने फिरवून घडवला असेल, तर शिवण ओठाच्या बरीच खाली पुसट होत विरते आणि ओठाखाली गोल फिरल्याचे बारीक आडवे ओरखडे असतात. अमेरिकन बिअरच्या बाटल्यांवर पहिली पद्धत साधारण १८९०च्या दशकात मागे पडली. ब्रिटनमध्ये ती त्यानंतरही बरीच चालली. त्यामुळे अमेरिकन तक्ता पाहून इंग्रजी बाटलीचं साल ठरवू नका. आपल्याकडे जुन्या बाटल्या मुख्यतः इंग्रजी, म्हणून ही चूक आपल्याकडे फार होते.

हाताने घडवलेला ओठ आणि तरीही क्राऊनची वळी, अशी बाटली दिसली तर ती हातची सोडू नका. १८९२ नंतर झाकण आलं आणि काही वर्षांतच यंत्र आलं. मधल्या त्या थोड्या वर्षांची ती बाटली.

दोन फसवे प्रकार लक्षात ठेवा. एक, शिवणच नाही. काही बाटल्या साच्यात गोल फिरवत, त्यामुळे शिवण पुसली जायची आणि अंगभर बारीक आडव्या रेघा राहायच्या. अशी बाटली बिनसाच्याची, म्हणून फार जुनी, असा समज होतो. तो चुकीचा आहे. ती बहुधा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातली किंवा विसाव्याच्या सुरुवातीची असते. दोन, खांद्याभोवती आडवी रेघ आणि तिथून वर दोन उभ्या, पण खालचं अंग स्वच्छ. हा तीन तुकड्यांचा साचा. ब्रिस्टलच्या हेन्री रिकेट्सने १८२१ साली त्याचं पेटंट घेतलं, आणि त्याच्या बाटल्यांच्या खांद्यावर ‘पेटंट’ हा शब्द तर बुडावर कारखान्याचं नाव असे. गडद, जवळजवळ काळ्या काचेची अशी बाटली मिळाली तर बसून नीट पाहा.

तिसरी पायरी: बूड

बाटली उलटी करा. मध्यभागी खडबडीत, तुटल्यासारखा काचेचा व्रण असेल, तर ओठ घडवताना बाटली लोखंडी दांड्याला बुडाकडून चिकटवली होती. १८६०च्या दशकानंतर कारखान्यांच्या मालावर हा व्रण दुर्मीळ होतो, कारण बूड पकडणारा चिमटा आला. बोटाला टोचणारा व्रण आणि नुसता खोलगट खळगा यात फरक करा, खळगा तर आजही असतो.

मध्याला सोडून कुठेतरी सरकलेलं एक वर्तुळ, कडा पिसासारख्या फाटलेल्या: ही ओवेन्सच्या यंत्राची खूण. ते यंत्र भट्टीतून काच शोषून घ्यायचं आणि खाली सुरीने कापायचं, त्या कापाचा हा डाग. म्हणजे १९०३ नंतरची, नक्की.

बुडाच्या कडेला बारीक ठिपक्यांची किंवा दातांची खरखर असेल, तर बाटली १९४०च्या आसपासची किंवा त्यानंतरची धरा.

बुडावरचे आकडे पाहून हुरळून जाऊ नका. तिथे ‘१८६२’ दिसलं तरी ते साल नसून साच्याचा क्रमांक असण्याचीच शक्यता जास्त.

चौथी पायरी: आता अक्षरं

उठावाची अक्षरं दोन प्रकारची असतात. अंगावरचं नाव बहुधा बिअर भरणाऱ्याचं. बुडावरची किंवा बुडालगतची आद्याक्षरं काच कारखान्याची. साल काढायला दुसरी जास्त उपयोगी, आणि नवखे नेमकी तीच सोडून देतात.

इंग्रजी बिअर आपल्याकडे अठराव्या शतकाच्या अखेरीपासून येत होती. लंडनच्या हॉजसनची आधी, आणि १८२०च्या दशकापासून इंग्लंडमधल्या बर्टन गावच्या ऑलसप आणि बासची. पण सुरुवातीला ती मुख्यतः पिंपांतून यायची, आणि बाटल्यांत आली तेव्हाही पुष्कळदा नाव फक्त कागदी लेबलावर असायचं. म्हणून जुनी इंग्रजी बाटली अनेकदा पूर्ण कोरी असते. कोरी म्हणून ती टाकू नका. बासचा लाल त्रिकोण हा ब्रिटनमध्ये नोंदलेला पहिला ट्रेडमार्क, १ जानेवारी १८७६चा. लेबलावर ‘नोंदणीकृत ट्रेडमार्क’ असं असेल तर ते त्यानंतरचं.

हिंदुस्थानी बाटल्यांत नावांचे बदल कामाला येतात. ‘डायर मीकिन’ हे नाव काचेत असेल, तर १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धाच्या आधीची. ‘मोहन मीकिन’ असेल, तर त्यानंतरची. मोहन कुटुंबाकडे कंपनी १९४९च्या सुमाराला आली, पण नाव बदलायला वेळ गेला. काचेत मिलिलिटर उमटवलेले असतील, तर दशमान वजनमापांच्या १९५६च्या कायद्याच्या आधी जाऊ नका.

‘दाई निप्पॉन ब्रुअरी’ अशी अक्षरं असलेल्या तपकिरी बाटल्या आशियाभर सापडतात. ही जपानी कंपनी १९०६ साली तीन कंपन्या एकत्र होऊन बनली आणि १९४९ साली फोडली गेली. दोन्ही कडा आयत्या मिळतात.

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी मंडळींना तिथल्या फ्ली मार्केटमध्ये बहुतेक वेळा दारूबंदीनंतरच्या, म्हणजे १९३३ नंतरच्या बाटल्या दिसतील. बुडावर आडवा पडलेला चौकट, पत्त्यांतला असतो तसा, त्यावर लंबगोल ‘ओ’ आणि मध्ये ‘आय’ असेल तर ती ओवेन्स-इलिनॉय कंपनीची, १९२९ नंतरची. चिन्हाच्या डावीकडचा आकडा कारखान्याचा, उजवीकडचा सालाचा शेवटचा आकडा. उजवीकडे ६ म्हणजे १९३६ की १९४६? अशा वेळी बुडाची खरखर पाहा. खरखर असेल तर १९४६कडे झुका. कागदी लेबल असेल तर त्यावर अंतर्गत महसूल कर भरल्याचं वाक्य शोधा, ते मार्च १९५० पर्यंत छापत. आणि एकमेकांत गुंतलेली ‘ए’ आणि ‘बी’ ही अक्षरं दिसली की सगळे अनहायझर-बुश म्हणतात. ती खूण अमेरिकन बॉटल कंपनीची, १९०५च्या सुमारास सुरू झालेली.

रंगाबद्दल थोडं

रंगावर फार विसंबू नका. तपकिरी, हिरवा, फिकट निळसर हे सगळे रंग सगळ्या काळात आहेत. ‘काळी’ बाटली बॅटरीसमोर धरली की गडद शेवाळी किंवा तपकिरी निघते. काचेतले फुगे जुनेपणाचा पुरावा नाहीत. बिनरंगी काच जांभळट होते ती मँगनीजमुळे, पण हल्ली किरणांचा मारा करून गडद जांभळ्या केलेल्या बाटल्याही विकतात. रंग फार भडक असेल तर घेऊ नका.

विकत घेताना आणि उकरताना

बुडाची कड पाहा. खरोखर शंभर वर्षं टेबलाफळ्यांवर घासलेल्या बुडावर बारीक, वेड्यावाकड्या दिशांचे ओरखडे असतात. सगळे ओरखडे एकाच दिशेने असतील तर कोणीतरी सँडपेपर फिरवलाय.

किल्ल्यावर किंवा कुठल्याही संरक्षित जागी खणू नका. ते बेकायदा आहे, आणि तिथली माती विस्कटली की बाटलीची अर्धी माहिती तिथेच मरते. शंभर वर्षांहून जुनी कारागिरीची वस्तू १९७२च्या कायद्याने पुरावस्तू ठरू शकते आणि पुरावस्तू खाजगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. परदेशातल्या भावाला भेट पाठवायची असेल, तर आधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ती पुरावस्तू नसल्याचा दाखला घ्या.

एक बाटली पूर्ण वाचूया

पुण्याच्या जुन्या बाजारात एका चादरीवर, नळाच्या तोट्या आणि गंजलेल्या कुलपांच्या मध्ये, मला एक गडद तपकिरी बाटली मिळाली. वजनदार, खांदे गोल, अंगावर एकही अक्षर नाही.

ओठ: बोट घातलं, आत आटे. म्हणजे १८७९ नंतरची. ही पहिली कड.

शिवण: दोन्ही बाजूंनी मानेवर चढते आणि ओठाच्या खालच्या कडेशी थांबते. एका जागी काचेचा ओघळ कडेवरून खाली आलाय, मुगाच्या दाण्याएवढा. वेगळी काच लावून हाताने केलेला ओठ. यंत्राची नाही.

बूड: व्रण नाही, सरकलेलं वर्तुळ नाही, खरखर नाही. काळपट मळ होता. ओल्या कापडाने पुसल्यावर पाच अक्षरं हळूहळू वर आली: सी, एस, मग ‘अँड को’ची खूण, आणि शेवटी एल, डी. खाली चार आकडी क्रमांक, साच्याचा.

ही खूण कॅनिंग्टन शॉ अँड कंपनीची, लिव्हरपूलजवळच्या सेंट हेलेन्स गावातली. त्यांची १८८६ साली बांधलेली एक भट्टीची इमारत तिथे अजून उभी आहे. ही भागीदारी १८७५ सालची, पण ‘लिमिटेड’ ती १८९२ साली झाली. ‘एल डी’ ही दोन अक्षरं पहिली कड १८७९वरून १८९२वर ओढून आणतात. १९१३ साली ही कंपनी इतर काच कारखान्यांबरोबर युनायटेड ग्लास बॉटल मॅन्युफॅक्चरर्समध्ये गेली आणि काही वर्षांत जुनी खूण बंद झाली. हाताचा ओठही त्याच काळाशी जुळतो. जुने साचे लगेच फेकत नाहीत, म्हणून दुसरी कड मी थोडी पुढे, १९२० धरली.

बिअर कोणाची होती ते या बाटलीवर कुठेच नाही, म्हणून मी ते लिहिलं नाही. तिच्या मानेला दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी अशी आहे: ‘जुना बाजार, पुणे. इंग्रजी बिअरची बाटली, आतले आटे, हाताचा ओठ, कॅनिंग्टन शॉ, सेंट हेलेन्स. १८९२ ते १९२०. लेबल नाही. आत रॉकेलचा वास.’